दुधातली मोतीपावडर

अनिताला पांढऱ्या रंगाची किळस होती, आणि तिचा धंदा सगळा पांढऱ्यावरच चालायचा. कळस गावच्या चौकात दूध डेअरीला लागून तिचा गाळा होता, वर ‘साज ब्युटी पार्लर’ अशी पाटी. सकाळी डेअरीत कॅन रिकामे होत, सांडलेलं दूध गटारीत जाई आणि उन्हं वर आली की त्याला आंबूस वास सुटे. त्या वासात बसून अनिता दिवसभर पोरींना गोरं करायची. संध्याकाळी हात कितीही घासले तरी नखांच्या कडेला आणि तळहाताच्या रेघांत एक चकचकीत पांढरेपणा उरायचाच. त्याच हातांनी भाकरी थापायची म्हटलं की ती ते पुन्हा घासायला घ्यायची. नवरा बिरू दुधाच्या टेम्पोवर होता. तो म्हणायचा, माझ्या अंगाला दूध आणि तुझ्या अंगाला चकाकी, आपलं घर म्हणजे रोजचा अभिषेक. अनिताला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

ती मूळची निरवांगीची. रंगानं काळी. पण तिच्या लग्नात तिला कुणी रंगवलं नव्हतं. बिरूच्या घरी म्हशी काळ्या आणि माणसं त्यांच्यापेक्षा दोन बोटं पुढं, तिथं सुनेच्या रंगाकडं बघायला वेळ कुणाला होता? लग्नानंतर तिनं बारामतीला जाऊन पार्लरचा कोर्स केला तो भुवया कोराव्यात, केस कापावेत, मेंदी काढावी अशा साध्या हिशेबानं. गाळा उघडल्यावर कळलं की लोकांना तिच्याकडून एकच काम पाहिजे. पोरीला बघायला पाहुणे येणार असले की आई पोरीला हाताला धरून घेऊन यायची, खुर्चीत बसवायची आणि हळू आवाजात सांगायची की उजळ दिसली पाहिजे, पण रंगवल्यासारखी दिसता कामा नये. म्हणजे खोटं बोल, पण ते खरं वाटू दे. पोरगी आरशात स्वतःकडं बघत बसायची आणि आई पोरीच्या डोक्यावरून अनिताशी बोलायची, जसं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून गिऱ्हाइकाशी बोलतात.

साध्या पावडरीनं हे जमत नसे. तोंड भिंतीला चुना दिल्यासारखं दिसायचं. मग पुण्याहून माल घेऊन येणाऱ्या एका विक्रेत्यानं तिला एक डबा दाखवला. डबा छोटा, पण उचलला की हाताला जड लागे. आत पांढरीशुभ्र, रेशमी पावडर. बोटावर घेऊन उजेडात धरली की मोत्यासारखी झळाळी यायची. माणूस बोलका होता. त्यानं सांगितलं की ही एका धातूची करामत आहे, धातूचं नाव बिस्मथ. तो तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात विरघळवतात, मग ते पाणी मिठाच्या आम्लात सोडतात, की दूध नासल्यासारखा पांढरा साका खाली बसतो. तो धुऊन वाळवला की ही पावडर. तिचा कण म्हणजे गोल दाणा नसतो, पातळ चपटी पापडी असते. अशा पापड्या कातडीवर एकीवर एक आडव्या बसतात. थोडा उजेड वरच्या पापडीवरून माघारी येतो, थोडा आत शिरून खालच्या पापडीवरून येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की तेज आतूनच येतंय. नखाच्या रंगात, ओठाच्या रंगात, डोळ्यांवर लावायच्या चमकीत, सगळीकडं हीच असते. दोन गोष्टी मात्र संभाळायच्या, तो म्हणाला. उन्हात उघडी ठेवली तर करडी पडते, आणि गंधकाला भिते, गंधकाशी गाठ पडली की काळी होते. घाम आला तर काहींना खाजही सुटते.

अनितानं हे नीट ऐकून घेतलं. पण बिस्मथ नावाची वस्तू पोरीच्या तोंडाला लावते म्हटल्यावर कुठली आई खुर्चीत बसू देणार होती? म्हणून तिनं आपल्या मनानं नाव ठेवलं, मोतीपावडर. नाव असं चाललं की विचारू नका. कळसपासून लासुर्ण्यापर्यंतच्या बाया एकमेकींना सांगायला लागल्या, अनिताकडं खऱ्या मोत्याची पावडर हाय. अनितानं कुणाला व्हय म्हटलं नाही आणि न्हायही म्हटलं नाही.

त्याच पावडरीनं तिनं वैजूला रंगवलं. वैजू म्हणजे वैजयंता, निरवांगीच्या संभाजीची थोरली. संभाजी भेंडी, दोडका, मिरची लावायचा, आणि पहाटे मालाच्या क्रेट उचलण्यात वैजू बापाच्या बरोबरीनं असायची. पोरगी काळी, नाकीडोळी नीटस, बोलायला फटकळ. तिला स्वतःच्या रंगाचं काही नव्हतं. जे काय होतं ते तिच्या आईला. बारामतीचं स्थळ आलेलं. मुलगा आनंद विमा कंपनीच्या ऑफिसात, आणि त्याची आई पद्मा, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. सगळी बारामती तिला मॅडम म्हणायची. मॅडम पायाची बोटंसुद्धा बघतात अशी खबर होती, म्हणून अनितानं वैजूच्या कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय रंगवले. काम झाल्यावर वैजूनं आरशात पाहिलं.

“ताई, म्या मेल्यावानी दिसतीया,” ती म्हणाली.

अनिताला ते पटलं होतं. तरी तिनं ओढणी नीट केली आणि पोरीला बाहेर पाठवलं. स्थळ पसंत पडलं.

लग्न झालं. सासरी पाऊल टाकल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव काढतात, तसं आनंदनं काढलं. आईनं आधीच ठरवून दिलेलं नाव, गौरी. त्या वेळी वैजूच्या तोंडावर अजून लग्नाचा रंग होता. दुसऱ्या दिवशी तिनं तोंड धुतलं आणि गौरीचं पाणी मोरीतून वाहून गेलं. पद्मा मॅडम शिकलेल्या बाई, त्या काही आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या गोड आवाजात म्हणाल्या, शेतात ऊन लागलंय, उतरेल हळूहळू. मग बेसन, मग दुधाची साय, मग संत्र्याची साल, रोज सकाळी काही ना काही वैजूच्या तोंडावर थापलं जाऊ लागलं. शिव्या देणारी सासू परवडली. ही गोड बोलून पोरीला रोज घासायची, भांडं घासावं तशी. वैजू माहेरी आली की अनिताकडं येऊन हे सांगायची, आणि सांगताना हसायची. अनिताला ते हसणं बघवत नसे.

वैजूला दिवस गेले आणि काही महिन्यांनी पद्मा मॅडमची गाडी कळसच्या चौकात थांबली. डेअरीच्या वासानं नाकाला पदर लावत त्या आत आल्या आणि मोतीपावडर मागितली. घरी लागते, एवढंच म्हणाल्या. म्हातारपणी बाईला नटायची हौस आलेली दिसते, असं मनात म्हणत अनितानं डबा दिला. थोड्या दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मग आणखी एकदा. चिमूटभर पावडर एका तोंडाला पुरून उरते, मग ही बाई डबेच्या डबे कुठं घालते, असं अनिताच्या मनात आलं. पण आलेल्या गिऱ्हाइकाला ‘कशाला पाहिजे’ असं कोण विचारतं? तिनं विचारलं नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं आणि नटवायला अनितालाच बोलावणं आलं. बंगल्यात फुलांचा झोपाळा सजला होता, स्वयंपाकघरात पुरणाचा वास होता. मॅडमनी बजावून सांगितलं की फोटो चांगले आले पाहिजेत, हात आखडता घेऊ नका. वैजू आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. पोट पुढं आलेलं, डोळे खोल गेलेले. इतकी फटकळ पोरगी, पण बोलेना. अनिता काही विचारायची आणि ती ओठ मिटून मान हलवायची. ओठाला रंग लावायची वेळ आली तेव्हा अनितानं तिची हनुवटी धरून तोंड उघड म्हटलं. वैजूनं अनिताकडं एकदा बघून घेतलं आणि जीभ बाहेर काढली.

जीभ काळी होती. तव्याच्या बुडासारखी, मधोमध दाट काळी आणि कडेला करडी. अनिताचा हात आपोआप मागं आला. असलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं आणि तिला शिसारी आली, आणि त्या पोरीची शिसारी आली म्हणून स्वतःचीही आली.

वैजू हळूहळू बोलायला लागली. बरेच दिवस झाले होते. घासली तर जायची नाही. परसाकडंही काळंच होत होतं, तिला वाटायचं आतून सडत चाललीय की काय. मॅडमच्या थोरल्या जाऊबाई, द्वारकाबाई, यांनी एकदा ती जांभई देताना पाहिलं आणि तिथंच सांगून टाकलं की पोरगी काळ्या जिभेची निघाली, हिच्या तोंडून निघेल ते खरं होईल, आणि वाईटच होईल. तेव्हापासून घरात सगळे तिला वचकून होते. तिनं कुणाला ‘सांभाळून जा’ म्हटलं तरी जाणारा दारातून मागं फिरायचा. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, कार्यक्रम होऊन जाऊ दे, बाहेर बभ्रा नको. आणि आज सकाळी बजावलं होतं की बायकांच्या समोर तोंड उघडायचं नाही.

“ताई, बाळाचं काय वंगाळ झालं असंल का?” वैजूनं विचारलं. रंगवलेल्या गालांवरून पाणी खाली आलं आणि त्याच्या मागं तिच्या स्वतःच्या रंगाच्या दोन रेघा उमटल्या.

तेवढ्यात पद्मा मॅडम आल्या. हातात चांदीचा पेला, त्यात केशरी दूध. ‘आधी हे घे,’ म्हणून त्यांनी तो वैजूच्या हातात दिला. वैजूनं श्वास रोखून पेला तोंडाजवळ नेला तेव्हा खिडकीतलं ऊन दुधावर पडलं, आणि दूध चकाकलं. सायीची चकाकी वेगळी असते, ती अनिता रोज डेअरीत बघत होती. ही तिच्या नखांतली चकाकी होती. मग पेल्याच्या तळाशी बसलेला पांढरा साका दिसला आणि तिला सगळे डबे आठवले.

तिनं वैजूच्या हातातला पेला जवळजवळ हिसकावून घेतला.

मॅडमना आधी काही कळेना. मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की त्यात वावगं काही नाही, वैद्य लोक मोत्याचं भस्म देतातच, मोती थंड असतो, पोटातल्या बाळाला उजळपणा येतो. नुसत्या केशरानं हिच्या बाबतीत भागणार नाही म्हणून त्यांनी हे सुरू केलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या हातानं घोटून. त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, उलट आपण सुनेचं किती करतो याचा अभिमान होता. अनिताला त्याचीच जास्त घाण वाटली. आणि बाहेर हॉलमध्ये बसलेल्या बाया तिला ऐकू येत होत्या. त्यातल्या निम्म्या तिच्याकडं येणाऱ्या होत्या, लेकींना घेऊन. ही गोष्ट फुटली तर मोती गेला, आणि मोती गेला की पार्लरला कुलूप.

“मॅडम, ह्यो मोती न्हाय,” ती म्हणाली. “धातू हाय. त्येजाबात करत्यात. तोंडाला लावायचा. मोती ह्ये नाव म्या ठिवलंय.”

पद्मा मॅडमच्या चेहऱ्यावरचं गोड हसू तिथंच थिजलं. त्यांनी दाराकडं पाहिलं, दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“बरं, मग उद्यापासून बंद करू. आता केलंय तेवढं पिऊ दे तिला. केशर घातलंय त्यात.”

अनितानं आयुष्यात पुष्कळ घाण उचलली होती, म्हशीचं शेण काढलं होतं, डेअरीच्या गटारी उपसल्या होत्या, पण असली घाण वाटली नव्हती. ती न्हाणीघरात गेली आणि पेला बेसिनमध्ये ओतला. दूध निघून गेलं, बेसिनला चकाकी चिकटून राहिली. मग तिनं बाहेर जाऊन आनंदला बाजूला घेतलं आणि गाडी काढायला लावली. तो बिचारा आईच्या तोंडाकडं बघत राहिला. तेव्हा अनितानं त्याच्या हातात गाडीची किल्ली ठेवली आणि म्हणाली की उरलेल्या बायका यायच्या आत परत येऊ, नाहीतर म्या हितंच सगळ्यांना बोलावून सांगती.

डॉ. इरा यांचा दवाखाना जवळच होता. त्यांनी वैजूची जीभ पाहिली, अनितानं पिशवीतून आणलेला डबा पाहिला, आणि सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर मागोमाग गाडीतून आलेल्या पद्मा मॅडमना समोर बसवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटाच्या काही औषधांत हाच धातू असतो, ती घेणाऱ्यांचीही जीभ कधी कधी अशी होते. खाण्यातल्या कांद्या-लसणातून, डाळीतून, अंड्यातून थोडा गंधक आपल्या तोंडात आणि आतड्यात असतोच. तो आणि बिस्मथ एकत्र आले की काळं संयुग तयार होतं. तेच जिभेवर बसलंय, तेच खालून पडतंय. पोरगी सडत वगैरे नाही. बरीचशी पावडर अंगात न मुरता बाहेर पडली असणार, पण म्हणून ती खायची वस्तू होत नाही, आणि गरोदर बाईनं तर नाहीच. त्यांनी रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. बाळाचे ठोके मोठ्यानं ऐकवले. बाळ ठीक दिसतंय, काही दिवसांनी पुन्हा या, जीभही आपोआप निवळेल, असं त्या म्हणाल्या. ठोके ऐकताना वैजू डोळे मिटून पडली होती. नंतर तिनं नर्सकडून ओला बोळा मागून घेतला आणि तोंड, मान, हात, सगळं पुसून काढलं. अनितानं पिशवीतला डबा पुन्हा बाहेर काढला नाही.

पुढं अनितानं पार्लरातल्या प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरात ‘हा मोती नाही, खाऊ नये’ असं लिहून टाकलं, आणि थोडी गिऱ्हाइकं तुटली, पण ते नंतरचं. त्या दिवशी सगळे परत आले तेव्हा हॉल बायकांनी भरला होता. वैजू स्वतःच्या रंगानं हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसली. बायकांच्यात कुजबुज झाली. मॅडमनी फुलांचा दागिना तिच्या केसांत खोवताना कानाजवळ पुटपुटून पुन्हा बजावलं, तोंड मिटून बस. जीभ काळी का पडली ते त्यांना आता नीट माहीत होतं. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं त्यांना समजलं होतं, गाडीत त्यांनी आनंदला ते उलगडून सांगितलंही होतं. तरी द्वारकाबाई समोर बसल्या होत्या.

ओटी भरली, गाणी झाली, आणि दोन झाकलेल्या वाट्या पुढं आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वैजूनं एकीवरचं झाकण काढलं. पेढा निघाला. बायका खूश झाल्या, कुणीतरी म्हणालं की मॅडम, नातू येतोय, आणि पद्मा मॅडमनी सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला. त्यांनी पेढा उचलून सुनेला भरवायला हात पुढं केला.

वैजूनं तोंड उघडलं. मोठं उघडलं, सगळ्यांना जीभ दिसेल असं. पुढच्या रांगेतल्या दोघी मागं सरकल्या.

“मुलगी हुईल,” ती म्हणाली. “आन् माझ्यावानी काळी हुईल.”

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला आणि आता झालंच म्हणायचं, असं पुटपुटल्या. अनिता भिंतीला टेकून उभी होती, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिला कशाची किळस वाटत नव्हती. पद्मा मॅडमच्या बोटांत पेढा तसाच होता. कांदा, लसूण, गंधक, सगळं ठाऊक असलेल्या त्या बाई झोपाळ्यापाशी वाकल्या आणि सगळ्यांच्या देखत सुनेची विनवणी करू लागल्या.

“परत घे बोललेलं. गौरी, माझं ऐक. म्हण, गोरा होईल. एकदा म्हण.”

वैजूनं सासूकडं शांतपणे पाहिलं, आणि सकाळी सांगितलं होतं तसं तोंड घट्ट मिटून घेतलं.